चुकांच्या वहीतला चौथा रकाना

त्या गुरुवारी मी कान्हे स्टेशनच्या बाकावर बसून मनातल्या मनात कुमुदची खरडपट्टी काढत होते. पुण्याकडून आलेली एक लोकल गेली, तिच्यातून ती उतरली नाही. दुसरी गेली, तिच्यातूनही नाही. मधल्या वेळात मी थर्मासमधला निम्मा चहा एकटीने संपवला आणि उरलेला तिला गार मिळावा म्हणून झाकण मुद्दाम सैल ठेवलं. हो, आहे माझा स्वभाव असा... मला कुणी ताटकळत ठेवलेलं खपत नाही, आणि हे तिला चाळीस वर्षं माहीत होतं. तीनदा फोन केला, तीनदा नुसता वाजत राहिला. म्हटलं, बाई फोन उशीखाली ठेवून मंडईत गेली असणार. अखेर तिच्याच नंबरावरून फोन आला आणि मी सुरू झाले, ‘काय गं, मला काय इथे प्लॅटफॉर्म झाडायला बोलावलंयस?’ पलीकडे तिच्या शेजारच्या बाई होत्या. ‘लीलाताई, कुमुदताई गेल्या हो. सकाळी दूधवाल्याला दार उघडलं नाही, म्हणून आम्ही...’ त्या पुढे बरंच सांगत होत्या. झोपेतच गेल्या, त्रास झालेला दिसत नाही, मुलीला कळवलंय. मी ते सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हटलं, ‘अहो, पण आज गुरुवार आहे.’

तळेगाव तिथून दोन स्टेशनं. कशी गेले, कुठल्या दारातून चढले, काही आठवत नाही. थर्मास बाकावरच राहिला तो राहिलाच.

कुमुद तळेगावच्या कॉलेजात इतिहास शिकवायची. इतिहास पोटासाठी, असं ती म्हणे. जीव सगळा जुन्या संस्कृत नाटकांत आणि काव्यांत. पाच पुस्तकं लिहिली तिने, पाचही बारीक, पिशवीत मावतील अशी. मी लोणावळ्याच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होते. आमची ओळख भांडणातून झाली. आमच्या वाचनालयातलं एक दुर्मिळ पुस्तक तिने पानाचा कोपरा दुमडून परत आणलं आणि मी तिला सगळ्यांदेखत सुनावलं, ‘मॅडम, हे पुस्तक आहे, पोळी नाही घड्या घालायला.’ दुसरी कुणी असती तर पाय आपटत गेली असती. ही बाई तिथेच टेबलाशी बसली, कोपरा नखाने सरळ केला, पुन्हा केला, आणि म्हणाली, ‘चूक माझी. आता दुसरं पुस्तक द्याल का?’ कुणी एवढ्या सहज चूक कबूल केली की माझी पंचाईत होते. मी तिला दुसरं पुस्तक दिलं आणि वर चहाही दिला.

गुरुवारची सुरुवात झाली ती तिचे यजमान गेल्यावर. मुग्धा, तिची मुलगी, लग्न होऊन बंगळुरूला गेलेली. मी तर पहिल्यापासून एकटी. लग्न केलं नाही, त्याची कारणं सांगत बसत नाही. दोघींना घर खायला उठायचं, पण ‘माझ्याकडे ये’ म्हणायला दोघींची तयारी नाही. माझ्याकडे आली की ती माझी कपाटं लावायला घ्यायची, तिच्याकडे गेले की मी तिच्या भाजीला नावं ठेवायची. मग तीच म्हणाली, निम्म्या वाटेवर भेटू. निम्मी वाट म्हणजे कान्हे. कसली निम्मी! तिला दोन स्टेशनं, मला तीन, वर पूल चढून पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर मीच यायचं. हे मी तिला प्रत्येक गुरुवारी ऐकवलं आणि प्रत्येक गुरुवारी ती म्हणाली, ‘इतिहासात निम्मं कधीच निम्मं नसतं, लीले.’ बाकावर तिची बाजू डावी, कारण तिचा डावा कान कमी ऐकायचा आणि उजवा माझ्याकडे लागायचा. मधे डबा. चार शब्द बोलायला सबंध आठवड्यात तेवढीच जागा होती आम्हाला. बाकीचे सहा दिवस मी दूधवाल्याशी आणि टीव्हीशी बोलायची.

आमच्या लोणावळ्यात दर हिवाळ्यात पुस्तक महोत्सव भरतो. तीन दिवस मांडव, पुस्तकांचे गाळे, बाहेर चिक्कीवाले आणि बचत गटांच्या बायकांचे भाकरी-पिठल्याचे स्टॉल. भुशी धरणावर जाणारी पर्यटक मंडळीसुद्धा कधी कधी चुकून आत शिरतात आणि शिरल्यावर लाजेकाजेस्तव अर्धा तास बसतात. त्यात रविवारी सकाळचं व्याख्यान कुमुदचं, ठरलेलं. इतिहास आणि जुनं साहित्य हा तिचा विषय. एका वर्षी नाटकातला विदूषक, एका वर्षी घाटातल्या लेण्यांना दान देणाऱ्या बायका. त्या व्याख्यानाची तालीम व्हायची कान्ह्याच्या बाकावर. ती बोलायची, मी आडवे प्रश्न विचारायची. आजूबाजूचे प्रवासी बघत राहायचे. एकदा तर एका आजोबांनी उतरून जाताना तिला हात जोडले. त्यांना वाटलं कीर्तनकार आहे. पुस्तकांतले दाखले शोधून देणं माझं काम. पण कुठली मूर्ती, कुठला शिलालेख, कुठलं देऊळ मी जाऊन बघून आले की ती आधी एकच विचारायची, ‘पाहिलंस ना?’ वाचलंस ना नाही, ऐकलंस ना नाही. न पाहिलेली गोष्ट माइकवरून सांगायची नाही, हा तिचा नेम होता.

आणि दुसरा नेम चुकांच्या वहीचा. साधी दोनशे पानी वही, खाकी कव्हर घातलेली. त्यात चार रकाने. काय सांगितलं, खरं काय, कोणी दाखवलं आणि चूक कोणाची. व्याख्यान झालं की समोरच्या माणसांनी काढलेल्या चुका ती तिथेच, टेबलावर वाकून, सगळ्यांसमोर वहीत लिहायची. पुढच्या वर्षी व्याख्यानाची सुरुवात त्या चुका वाचून. लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे. काही जण तर नुसते तेवढ्यासाठी वेळेवर यायचे. चौथ्या रकान्यात ती फार गंमत करायची. ‘छापणाऱ्याची.’ ‘माझ्या घाईची.’ ‘आठवणीची, तिला आता सत्तर वर्षं झाली.’ मी एकदा वैतागून म्हटलं, ‘चूक झाली, दुरुस्त केली, संपलं. कुणाची ते कशाला पाहिजे?’ तर म्हणाली, ‘ज्याची आहे त्याला परत करायला नको का? नाहीतर ती माझ्याच घरी राहते.’ तेव्हा मी यावर नाक मुरडलं होतं.

आता गेल्या वर्षीचं सांगते. हे सांगितल्याशिवाय बाकी सगळं लिहून उपयोग नाही.

गेल्या वर्षी तिचा विषय होता वीरगळ. वीरगळ म्हणजे लढाईत किंवा गावाची गुरं सोडवताना मेलेल्या माणसाच्या आठवणीचा उभा दगड. खाली त्याची लढाई कोरलेली, मधल्या पट्टीत अप्सरा त्याला उचलून नेतायत, वरच्या पट्टीत तो देवापुढे हात जोडून बसलाय, आणि सगळ्यांत वर चंद्र-सूर्य. कुमुदचं म्हणणं असं, की मोठमोठ्या कवींनी राजांसाठी जे स्वर्गारोहण लिहिलं, तेच कुठल्याशा पाथरवटाने गावच्या नाव नसलेल्या माणसासाठी दगडात लिहिलं. म्हणजे ते काव्य गावापर्यंत पोचलेलं होतं. तिने पंधरा वर्षांपूर्वी इंदुरीजवळ, इंद्रायणीच्या काठी, एका पिंपळाखाली असा एक वीरगळ पाहिला होता. व्याख्यानाचा शेवट तिला त्याच्यावर करायचा होता. पण तिचे गुडघे तोवर पार गेले होते. म्हणाली, ‘लीले, एकदा जाऊन बघून येतेस? आहे ना जागेवर, तेवढंच.’

त्याच आठवड्यात महोत्सवाचं पत्रक आलं होतं. त्यावर कुमुदचा फोटो, हसरा, शालीतला. मी पत्रक उलटंपालटं केलं. चाळीस वर्षं मी तिला दाखले काढून दिले, धूळ खाऊन, शिंका देऊन, आणि माझं नाव कुठल्याही पत्रकावर कधी आलं नाही. मला हेवा वाटला. सरळ सांगते, दुसरा शब्द नाही त्याला. तळेगाव स्टेशनवर उतरले, बाहेर चाकणकडे जाणारी गाडी उभीच होती, वीस मिनिटांत इंदुरी आली असती. मी म्हटलं, मी काय हिची सांगकामी आहे? ऊन होतं, पाय दुखत होते, ही सगळी कारणं नंतरची. स्टेशनसमोर मी वडापाव खाल्ला, चहा घेतला आणि उलट गाडी पकडून घरी आले. घरी एका जुन्या पुस्तकात त्या दगडाचं चार ओळींचं वर्णन होतं. ते पाठ केलं.

गुरुवारी बाकावर तिने विचारलं, ‘पाहिलंस ना?’

‘पाहिलं,’ मी म्हटलं.

‘कसा आहे?’

‘जसा होता तसा. पिंपळाखाली. शेंदूर फासलाय जरा, पण पट्ट्या स्पष्ट दिसतात.’

शेंदूर माझ्या पदरचा! पुस्तकात शेंदूर नव्हता. खोटं बोलायला एकदा सुरुवात केली की माणूस किती मन लावून बोलतो... तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘माझा जीव भांड्यात पडला बघ.’

व्याख्यान फार सुंदर झालं. मी पहिल्या रांगेत. तिने आधीच्या वर्षीच्या चुका वाचल्या, हशा झाला, मग हळूहळू मांडव गप्प होत गेला. शेवटी ती म्हणाली, ‘आणि तो वीर आजही इंदुरीला पिंपळाखाली उभा आहे. माझी मैत्रीण लीला गेल्याच आठवड्यात त्याला भेटून आली. ती समोर बसली आहे. माझं कुठलंही व्याख्यान तिच्या पायांवर उभं असतं.’ लोकांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं, टाळ्या वाजवल्या. पहिल्यांदाच माझं नाव माइकवरून आलं, आणि ते असं आलं. तरी मी हसले, मान हलवली.

प्रश्नांच्या वेळी मागून एक बाई उठल्या. पन्नाशीच्या, डोक्यावर पदर, हाताला अजून पीठ लागलेलं. बाहेरच्या भाकरीच्या स्टॉलवरून पाय मोकळे करायला आत येऊन बसलेल्या. ‘बाई, मी सगुणा, इंदुरीची. राग मानू नका, पन त्यो दगुड तितं न्हाई आता. पिंपळ पडला त्याला चार वर्सं झाली. दगुड आडवा झालता, आमच्या सासऱ्यानं नदीकडंला नेऊन पालथा घातला. आमी बायका त्याच्यावर धुनं धुतो. आमाला काय ठाव, त्याच्या पोटाला काय काढलंय!’ मांडवात आधी हशा झाला, मग कुणीतरी ‘अरेरे’ म्हणालं, मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पिशवीत काहीतरी शोधायला लागले. कुमुदने माझ्याकडे पाहिलं नाही. एकदाही नाही. ती सगुणाबाईंकडे बघून म्हणाली, ‘बरं झालं सांगितलंत. मी न बघता बोलले. चुकलं माझं.’ वही उघडली, लिहिलं, वही मिटली.

मला वाटलं, स्टेशनवर सोडायला जाताना बोलेल. नाही बोलली. मला वाटलं, गुरुवारी बोलेल. गुरुवारी तिने डब्यात गाजराचा हलवा आणला. मी तो खाल्ला. एक गुरुवार गेला, चार गेले. तिने चिडावं, मला वाटेल ते बोलावं, म्हणजे मीही चार शब्द बोलेन आणि मोकळी होईन, अशी मी वाट बघत राहिले. त्याऐवजी उन्हाळ्यात एकदा म्हणाली, ‘इंदुरीला जायचं का गं दोघींनी? तो दगड बघू.’ मी म्हटलं, ऊन फार आहे. जूनमध्ये पुन्हा म्हणाली. मी म्हटलं, आता पाऊस लागेल, नदीकाठी चिखल. गणपती झाल्यावर तिसऱ्यांदा म्हणाली, अगदी सहज, डब्याला झाकण लावता लावता. मी म्हटलं, ‘तुझे गुडघे बघ आधी. दिवाळीनंतर बघू.’ ती म्हणाली, ‘बरं. दिवाळीनंतर.’ नवरात्र संपलं आणि ती गेली. दिवाळी यायचीच होती.

तेराव्याला मुग्धाने मला आतल्या खोलीत बोलावलं. पलंगावर आईच्या साड्या, पुस्तकं, औषधांचा डबा असा पसारा. ‘मावशी, पुस्तकं कॉलेजला देतेय. ही वही मात्र तुमच्याकडे राहू दे. महोत्सववाल्यांचाही फोन आला होता. रविवारची आईची वेळ रिकामी ठेवायची नाही म्हणतात. तुम्ही दोन शब्द बोलाल का?’ मी म्हटलं, ‘मला कुठे बोलता येतं? मी फक्त भांडते.’ ती रडत रडत हसली. मी वही पिशवीत टाकली. गाडीत उघडायचा धीर झाला नाही. घरी येऊन, दिवा लावून, चष्मा पुसून उघडली.

शेवटची नोंद. काय सांगितलं: इंदुरीचा वीरगळ पिंपळाखाली उभा आहे. खरं काय: पिंपळ पडला, दगड नदीकाठी पालथा. कोणी दाखवलं: सगुणाबाई. चूक कोणाची... चौथा रकाना कोरा. मी मागची सगळी पानं चाळली. सगळीकडे चौथा रकाना भरलेला होता, एकही सोडला नव्हता. माइकवरून ‘माझं’ म्हणाली होती, मांडवातल्या सगळ्यांनी ऐकलं होतं, पण वहीत ते लिहिलं नव्हतं. मला रागवायचं तर रागवायचं होतंस गं... कोरा काय ठेवलास? त्या दिवशी मी जेवले नाही.

मागच्या आठवड्यात मी इंदुरीला गेले. तळेगावला उतरले, वड्याकडे पाहिलं नाही, चाकणच्या गाडीत बसले. गावातल्या जुन्या किल्ल्याच्या दरवाज्यापाशी चौकशी केली. भातकापणी चालू होती, सगुणाबाई खाचरात सापडल्या. मला वाटलं, ओळख द्यावी लागेल. मी बांधावर उभी राहिले, त्यांनी विळा खाली ठेवला, कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाल्या, ‘तुमी लीलामावशी न्हवं का?’

मी म्हटलं, ‘तुम्हाला कसं कळलं?’

‘मांडवात तुमची पाठच दिसली, पन बाईंनी सांगितलं हुतं की. चष्मा, काळी पिशवी, आन् तोंड जरा रागीट. कशा हायेत बाई?’

मला सांगावं लागलं. त्या मटकन बांधावर बसल्या. मीही त्यांच्याशेजारी टेकले. मग त्या म्हणाल्या, ‘बाई आल्या हुत्या हितं. व्याख्यान झाल्यावर पंधरा दिसांनी. काठी टेकत, रिक्षा करून. पिंपळाची जागा बघितली, दगुड बघितला. आमचं मालक म्हनले, आत्ता पहार घालून उलटा करतो, बघा तुमी. तर म्हनल्या, नको. माझी मैत्रीन यायची हाय, तिच्यासमोर उलटा करा. तवर ऱ्हाऊ द्या. आमी इचारलं, कवा येनार? तर हसल्या. म्हनल्या, येईल. तिला जरा येळ लागतो.’

म्हणजे तिला पंधरा दिवसांत सगळं कळलेलं होतं. पिंपळ पडून चार वर्षं झाली हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तरी पुढचे सगळे महिने ती दर गुरुवारी डबा घेऊन बाकावर येऊन बसली. तिला स्वतःला तो दगड बघायचा होता. वर्षभर त्याच्यावर बोलली, गुडघे मोडत तिथवर गेली, आणि कोरलेली बाजू न बघता परत आली. माझ्यासाठी. मी त्या खाचराच्या बांधावर ओक्साबोक्शी रडले. सगुणाबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला, त्याला भाताचा वास होता. ‘मावशी, उगी. लय दिस वाट बघितली दगडानं. चला.’

त्यांच्या यजमानांनी आणि दिरांनी पहारी आणल्या. पाठीवरून दगड गुळगुळीत झाला होता, साबणाचे पांढरे डाग. मला म्हणाले, लांब व्हा. मी म्हटलं, नाही, मला हात लावू द्या. माझ्या हाताने काय जोर लागणार होता, तरी लावला. दोनदा सरकला, तिसऱ्यांदा उलटला. खाली सगळा चिखल. सगुणाबाईंनी बादलीने पाणी ओतलं, मी पदराने पुसत गेले. वर चंद्र-सूर्य होते. देवापुढे हात जोडून बसलेला माणूस होता. मधल्या पट्टीत दोन अप्सरांनी त्याला दंडाला धरून उचललेलं, आणि त्याचे पाय लहान मुलासारखे अधांतरी. खालच्या पट्टीत त्याची लढाई, आणि कोपऱ्यात एक गाय, मान वळवून त्याच्याकडे बघणारी. पालथा असल्यामुळे काही म्हणजे काही झिजलं नव्हतं. शेंदराचा टिपूस नव्हता. त्या जुन्या पुस्तकातल्या चार ओळींत गाय नव्हती. कुमुदच्या पंधरा वर्षांपूर्वीच्या टिपणातही नव्हती. तेव्हा खालचा भाग मातीत गाडलेला असणार. ती गाय तिला कधीच दिसली नाही. मी तिथेच मान वळवून म्हणणार होते, ‘अगं, गाय बघ!’ तोंड उघडलंसुद्धा होतं.

आता दगड उभा करून देवळाच्या भिंतीशी लावायचं गावाने ठरवलंय. सगुणाबाई म्हणाल्या, धुण्याला दुसरा शोधू. महोत्सववाल्यांना मी होकार कळवला आहे. व्याख्यान वगैरे मला जमायचं नाही. मी फक्त वही उघडून तिच्या रिवाजाप्रमाणे गेल्या वर्षीची चूक वाचणार, चारही रकाने. लोक हसतील की नाही माहीत नाही. गेल्या वर्षी ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांच्यातले बरेच जण असतील. असू देत.

गुरुवारी मी अजूनही कान्ह्याला जाते. घरी बसवत नाही. पूल चढते, त्याच बाकाच्या उजव्या बाजूला बसते, मधे डबा ठेवते, डावी बाजू मोकळी ठेवते. कुणी तिथे बसायला आलं की माझ्या कपाळाला आठ्या पडतात, मग ते दुसरीकडे जातात. नवा थर्मास घेतलाय. एका कपापुरताच चहा करायला हात शिकत नाही, दोन कप होतो, एक परत नेऊन मोरीत ओतते. कालच्या गुरुवारी वही बरोबर नेली होती. पेनची शाई नीट उतरते का ते आधी तळहातावर बघितलं आणि चौथ्या रकान्यात लिहिलं: ‘माझी. लीला.’ तिच्या बारीक अक्षराशेजारी माझं अक्षर फारच वेडंवाकडं आलं. लिहून झाल्यावर मी वही मिटली. काही विचारणारं कुणी नव्हतं. पुण्याकडून लोकल आली, चार माणसं उतरली, पूल चढून गेली. प्लॅटफॉर्म मोकळा झाला तेव्हा मी तिच्या बाजूला वळून, उजव्या कानाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, ‘पाहिलं गं कुमुद. या वेळी खरंच पाहिलं.’